बँकॉकात बांधलेला बस्ता

लग्नाचे फोटो काढायला मी मांडवात शिरले, की लोक आधी माझ्या मागं बघतात. फोटोवाला गाडी लावून येत असेल, ही बाई त्याची बॅग घेऊन पुढं आली असेल, असा त्यांचा समज. मग मी नवरीच्या मामाला, "ओ मामा, सरका की जरा, तुमच्या फेट्यानं नवरी झाकून गेली," असं डाफरले की त्यांच्या डोक्यात उजेड पडतो. मागून कुणी येणार नाही. हीच ती बया.

वारंगा फाट्यावर माझा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे एक गाळा. अलीकडे पंक्चरवाला, पलीकडे चहाची टपरी. दिवसभर भरतीच्या फॉर्मला आणि बँकेच्या पासबुकाला लागणारे फोटो काढायचे. हनुवटी खाली, डोळे उघडे, झालं. त्यात कसला आलाय जीव? माझा जीव रमतो लग्नात. रुसून बसलेला जावई, हळदीनं कानापर्यंत पिवळी झालेली आत्या, ऐन लग्न लागताना आपली चप्पल शोधत फिरणारा म्हातारा, असं काही दिसलं की माझं बोट आपोआप दाबलं जातं.

घरात आम्ही तिघं. नवरा वीज कंपनीत लाइनमन. आणि माझी सासू. त्यांना मी आत्याबाई म्हणते. आत्याबाईंनी जन्मभर दुसऱ्याच्या रानात रोजंदारी केली, एकटीच्या जिवावर पोरगं शिकवलं, आणि सून आणली तीही एम.ए. झालेली. माझ्या एम.ए.चा त्यांना माझ्यापेक्षा जास्त अभिमान. फाट्यावर कुणी ओळखीचं भेटलं, की "आमची सून यम्मे हाय" हे आधी सांगणार, तब्येतीचं नंतर.

तर या आत्याबाईंनी मागच्या लगीनसराईच्या शेवटी एकदम फर्मान काढलं. त्याचं असं झालं, पुसेगावला एका मोठ्या घरचं लग्न होतं आणि मी चार्ज केलेली बॅटरी घरीच विसरले. नवरा मोटारसायकलवर आत्याबाईंना त्यांच्या बहिणीकडं सोडायला त्याच बाजूला निघाला होता. जाता जाता दोघं मांडवात डोकावून बॅटरी देऊन गेले. दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता आत्याबाई म्हणाल्या, "पोरी, आता लग्नाचं काम बंद. दुकानात बसून काय काढायचे ते फोटो काढ. मांडवात जायचं न्हाई."

"काहून?"

"म्या म्हनते म्हनून."

घ्या! मी नवऱ्याकडं बघितलं. त्यानं चप्पल पायात सरकवली आणि म्हणाला, "दोन्ही तारांत करंट असला की लाइनमन मधी हात घालत न्हाई." जो गेला तो जेवायच्या वेळेलाच उगवला.

मी धुमसत राहिले. मला वाटलं, कुणीतरी कान भरले असणार. सून गावोगाव हिंडते, परक्या माणसांत उभी राहते, लोक काय म्हणतील, तेच जुनं रडगाणं. आत्याबाई तशा नव्हत्या, पण वय झालं की माणूस बदलतं, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं. भांडून बघितलं, अबोला धरून बघितला. दगडावर डोकं आपटल्यासारखं. पुढची सराई येईपर्यंत काय तो निकाल लागायला हवा होता, नाहीतर मी जन्मभर पासबुकाच्या हनुवट्या खाली करत बसणार होते.

त्यात मला हवी होती एक लेन्स. लांबचं जवळ आणणारी, जाडजूड, मांडवातल्या मिणमिणत्या उजेडातही साफ फोटो काढणारी. आता ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल. हार घालायची वेळ आली की अख्खी पाहुणेमंडळी नवरा-नवरीला घेरते, आणि मला दिसतात नुसते वर केलेले हात. तशी लेन्स असली, की मांडवाच्या टोकाला उभं राहून नवरीच्या पापणीवरचं पाणी टिपता येतं. कोरी घ्यायची आपली ऐपत नाही. वापरलेली एक नांदेडला बघितली, तर तिच्या काचेत बुरशी. आणि खरं सांगू का, लेन्समागं माझा कावाही होता. आत्याबाईंना वस्तू वाया गेलेली बघवत नाही. घरात फुटक्या बादलीचंसुद्धा काहीतरी होतं. एवढी मोठी लेन्स घरात आली, तर ती कपाटात धूळ खात पडलेली त्यांना सोसणार नाही, झक मारून लग्नांना जाऊ देतील, असं माझं गणित.

तेवढ्यात सहल निघाली. आमच्या भागातल्या विहारांतल्या बायकांनी थोडे थोडे पैसे साठवून थायलंडचे बुद्धविहार बघायचं ठरवलं. आत्याबाई निघाल्या, आणि सूनबाईला इंग्रजी येतं, मोबाइलवर रस्ता बघता येतो, म्हणून मलाही जोडीला घेतलं. मी बॅगेच्या तळाशी साड्यांच्या घडीत कॅमेरा दडवला. बँकॉकला वापरलेल्या कॅमेऱ्यांची दुकानंच्या दुकानं आहेत, हे मी आधीच शोधून ठेवलं होतं. आत्याबाईंना मात्र यातलं अवाक्षर सांगितलं नाही.

आठवडा मजेत गेला. डझनभर बाया, सगळ्यांच्या पांढऱ्या साड्या, रोज नवा विहार, दारात चपला काढा, फरशीवर बसा, वंदना घ्या, बाहेर येऊन चपला शोधा. हॉटेलातल्या नाश्त्याला पपई सोडून कुणी कशाला हात लावला नाही. सगळ्यांच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी होतीच.

शेवटच्या दिवशी मोकळा वेळ होता. मी गुपचूप सटकणार, तर हट्ट्याच्या एका मावशींनी अडवलं. या मावशींचा आवाज असा, की त्या हट्ट्यात बोलल्या तर वसमतला ऐकू जावं.

"कुठं निघून राहिली गं?"

"एक खरेदी आहे, मावशी."

"कशाची?"

"कॅमेऱ्याला लावायचं एक सामान."

"एकलीच?" मावशींनी गालाला हात लावला. "आवं बायांनो, उठा! सूनबाईची खरेदी हाय अन् बिचारी एकलीच निघाली. चला, बस्ता बांधू!"

झालं. आता बस्ता म्हणजे आमच्याकडं काय प्रकरण असतं, ते ज्यांनी बघितलं त्यांनाच ठाऊक. लग्नाच्या कपड्यांची खरेदी, पण नवरीची साडी घ्यायला नवरी सोडून अख्खी जीप भरून माणसं. दुकानदारानं गादीवर बसवायचं, चहा पाजायचा, ढीगभर लुगडी उलगडून टाकायची, आणि मग यांनी पहिलं दाखवलेलंच घ्यायचं. मी "मावशी, तसं काही नाही हो" म्हणेपर्यंत सगळ्या बाया पदर खोचून तयार. त्यांच्यात आत्याबाईही होत्या. माझ्याकडंच बघत होत्या. माझी पाचावर धारण बसली.

दुकान एका मोठ्या इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. काचेच्या कपाटांत कॅमेरे आणि लेन्सा ओळीनं मांडलेल्या. मालक साठीचा, किडकिडीत, हातात पांढरे मोजे. दारात एवढ्या बाया बघून त्यानं हात जोडून मान लवली. आमच्या सगळ्यांनी हात जोडून "जयभीम" घातला. त्यानं परत मान लवली. यांनी परत हात जोडले. हे कितीतरी वेळ चाललं असतं, पण कुणाचं तरी लक्ष वर गेलं. गल्ल्याच्या वर फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती, पुढं ताजं फूल.

बस, बायांनी दारात चपला काढल्या, फरशीवर गोल करून बसल्या आणि त्रिशरण-पंचशील सुरू केलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण तो मालक आपला हात जोडून उभा, आणि ओठ हलून राहिलेले. पालीतले शब्द तेच, नुसती चाल वेगळी. वंदना झाल्यावर त्यानं स्टूल आणायची खटपट केली, तर यांनी हातानं 'राहू द्या' म्हटलं. मग तो आत गेला आणि बर्फ घातलेला केशरी रंगाचा चहा घेऊन आला.

"ह्यो बराबर दुकानदार हाय," मावशींनी पावती दिली. "चहा देतो म्हंजी भाव करू देईल. आता सासू कुठं हाय? सासू पुढं!"

बस्त्याची रीतच तशी. नवरीच्या साडीला शेवटचा होकार सासूचा. ती 'नको' म्हणाली की दुकानदारसुद्धा कापड गुंडाळून ठेवतो. आत्याबाईंना बायांनी धरून पुढं बसवलं. त्यांनी पदर सावरला. मी जे त्यांच्यापासून लपवायला निघाले होते, त्याचा निवाडा आता त्याच करणार होत्या, तोही चारचौघींत. इथं त्या 'नको' म्हणाल्या असत्या, तर लेन्सही गेली असती आणि मांडवही.

मालकाला काय उमगलं कोण जाणे, तो एक निळी मखमल घेऊन आला, आमच्यासमोर फरशीवर अंथरली, स्वतःही मांडी घालून बसला आणि एकेक लेन्स मांडायला लागला. मी आपली हवी ती दाखवली.

"ही नवी न्हाई वाटतं?" एकीनं नेमकं विचारलं. "वापरलेली? बस्त्याला उतरलेलं लुगडं घेतेत व्हय कुणी?"

"लुगडं न्हाई ते, मावशी, काच आहे. काच वापरून झिजत नाही. नुसती बुरशी नसली म्हणजे झालं."

तेवढ्यात तिच्या शेजारणीनं लेन्स उचलून नाकाला लावली. "वास तर न्हाई. डाळीला बुरशी आली की वास सुटतो."

मालक खो खो हसला. मग विजेरी लावून त्यानं आतली काच दाखवली. लख्ख. कॅल्क्युलेटरवर भावाचा आकडाही दाबून दाखवला. मी बॅगेतून कॅमेरा काढून त्याला लेन्स लावली. कॅमेरा एवढासा आणि लेन्स कोपरापर्यंत.

"नाकापेक्षा मोती जड!" मावशी ओरडल्या आणि सगळ्या खिदळल्या. आत्याबाई हसल्या नाहीत. "हिनं काय होतं?" त्यांनी मला विचारलं.

हीच वेळ होती. त्यांच्या सगळ्या शंका एकाच फटक्यात मारायच्या म्हणून मी तयारच होते. "आत्याबाई, हिनं लांबून फोटो निघतो. गर्दीत घुसायला नको, कुणाचे धक्के नकोत, पुरुष माणसांत शिरायला नको. मी पार मांडवाच्या बाहेर उभी राहिले, तरी आतली नवरी चांगली दिसते."

"बाहेर?"

"व्हय. पार बाहेर!"

त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजी आता उभं बी बाहेरच ऱ्हायचं? जेवन तर बाहेर व्हतंच."

मला काही कळेना. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

"त्या दिशी पुसेगावात बॅटरी द्याया आल्तो, तवा बघितलं म्या तुला. मांडवाच्या मागं आचाऱ्याच्या चुलीपाशी, खरकट्या ताटांच्या बाजूला, हातात ताट घिऊन उभ्या उभ्या जेवून राहिली व्हतीस."

"आत्याबाई, मला घाई होती. पाठवणीचे फोटो राहिले होते. मला कुणी बाहेर जेव म्हटलं नव्हतं हो."

"त्येच तर म्हनते. कुनी म्हनलं न्हाई, तरी बी गेलीस."

मग त्यांनी जे सांगितलं, ते लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी कधी ऐकलं नव्हतं. "माझी माय अशीच बसायची. मोठ्याच्या घरचं लगीन आसलं की मांडवाच्या बाहेर. मी तिच्या मांडीवर. आतून बुंदीचा वास यायचा अन् मी रडायची. माय म्हनायची, थांब बाई, त्यांचं होऊ दे. एक पंगत उठायची, दुसरी बसायची. सगळ्यांचं झालं, की उरलंसुरलं पदरात. ते समदं सपावं म्हनून तर लेकराला शिकवलं. यम्मे झालेली सून आनली. ती काय खरकट्यापाशी उभी ऱ्हायाला आनली?"

 त्या वयाच्या बायांना विचारायची गरजच नव्हती, सगळ्यांना सगळं माहीत होतं. मोठ्या आवाजाच्या मावशी पदरानं डोळे पुसत होत्या.  आम्हा फोटोवाल्यांची हीच रीत. पंगती संपल्या, की आचाऱ्याजवळ काय असेल ते पटकन गिळायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. मला त्यात कधी काही वाटलंच नव्हतं. मला वाटलं नाही, कारण मला मांडवाबाहेर थांबावं लागलं नव्हतं. आणि माझ्यावर ती वेळ येऊ नये म्हणून जिनं जन्म घालवला, तिच्याशी मी अबोला धरून बसले होते. मला रडू फुटलं, आणि मी ते लपवलं नाही.

मालक बिचारा घाबरला. त्याला वाटलं, भाव ऐकून बायांचं मन मोडलं. त्यानं कॅल्क्युलेटरवर नवा आकडा दाबला आणि माझ्यापुढं धरला. मी कुठली बघते? त्यानं आणखी कमी केला. तरी आमचे डोळे गळतच होते. मग त्यानं लेन्सची चामडी पिशवी आणून वर ठेवली, फुकट, आणि हात जोडले. आमच्याकडं भाव पाडायला घसा कोरडा करावा लागतो, इथं तो रडण्यानं पडला.

"ह्यो काय म्हनून राहिला?" आत्याबाईंनी नाक पुसत विचारलं.

"भाव कमी करतोय."

"काहून?"

"तुम्ही रडून राहिल्या म्हणून."

आत्याबाईंना हसू आलं. सगळ्याच हसायला लागल्या, तोही हसायला लागला. "मंग घे की," आत्याबाई म्हणाल्या. "येड्यावानी बघून काय राहिली?"

"आणि लग्नं?"

"लग्नं बी कर. पन पयल्या पंगतीला बसून जेवायचं. मांडवाच्या आत, समद्यांच्या बराबर. कबूल आसल तर घे, न्हाईतर ठिव ती काच."

"अहो आत्याबाई, पहिल्या पंगतीतच तर खरे फोटो असतात! व्याही, मानाचे पाहुणे, आग्रह, घास भरवणं. ते सोडून मी जेवत बसू?"

"ती तकलीफ तुजी तू बघ."

"कबूल," मी म्हटलं. मावशींनी टाळी वाजवली आणि बस्ता बांधून झाला.

परत आल्यावर पहिली तारीख आली ती हट्ट्याकडचीच. नवरीचे वडील स्टुडिओत आले. अल्बम किती पानांचा, व्हिडिओ किती वेळाचा, सगळं ठरलं. मग मी म्हटलं, "दादा, आणखी एक. मी पहिल्या पंगतीला जेवणार."

"ताई, तुमाला उपाशी कोन लावून देतं? शेवटी बसा की आरामात, पाहिजे तेवढं जेवा."

"शेवटी न्हाई. पहिल्या पंगतीला."

"मंग त्या पंगतीचे फोटो?"

"न्हाई निघायचे."

त्यांनी डोकं खाजवलं. घरी विचारून सांगतो म्हणाले. मला वाटलं, गेली तारीख. पण दुसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "बसा बाप्पा." सगळेच काही असे आले नाहीत. एक जण "फोटोवालीचा हा काय ताठा" म्हणून दुसरीकडं गेला. जाऊ दे म्हटलं, खुशाल जाऊ दे.

लग्नाच्या दिवशी लेन्सनं कमाल केली. पण पंगत बसली तेव्हा मी सवयीनं कॅमेरा डोळ्याला लावला, खोटं कशाला बोलू. मग मी तो बंद केला, चामडी पिशवीत घातला, आणि नवरीच्या चुलतीशेजारी जाऊन बसले. चुलती जरा सरकली. वाढणाऱ्यानं माझ्यासमोर येऊन हात आखडता घेतला. "फोटोवाल्या ताई, तुमी मागून बसा की. तिकडं व्याही घास भरवून राहिलेत, त्यो फोटो घ्या."

"तुम्ही वाढा," मी म्हटलं.

त्यानं वाढलं. वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी. पलीकडं व्याह्यांनी एकमेकांच्या तोंडात अख्खा लाडू कोंबला, काय चेहरे झाले होते म्हणून सांगू! माझं बोट सुरसुरत होतं. मी त्या बोटानं भात कालवला. तेवढ्यात मोबाइल वाजला. आत्याबाई.

"कुठं हायस?"

"पंगतीत."

"कितव्या?"

"पहिल्या."

 मग त्या म्हणाल्या, "सावकास जेव. घाई करू नको," आणि फोन ठेवला.

आता माझ्या अल्बमात पंगतीचे फोटो दुसऱ्या पंगतीपासून सुरू होतात. लोक पानं उलटतात, परत मागं जाऊन बघतात, आणि विचारतात, "ताई, पहिल्या पंगतीचा एकही फोटो न्हाई?" मी सांगते, "न्हाई. तेव्हा मी जेवत होते."